प्रॅक्टिकलपुरती स्ट्रिंग कॉपी

सी लँग्वेजमध्ये स्ट्रिंग कॉपी करायला अक्कल लागते, कॉपी झाल्यासारखी दाखवायला लागत नाही. मार्क दिसण्यालाच असतात, तेव्हा दुसरी वाट धरा.

१. पी आणि क्यू असे दोन पॉइंटर घ्या. ‘क्यू = पी’ लिहा, दोन्ही प्रिंट करा. सारखंच आलं ना? झालं! उतरला आहे तो फक्त पत्ता, माल एकच आहे. पीमधलं अक्षर बदललं की क्यूमधलंही बदलेल. कुणी हटकलं तर ‘ऑटो अपडेट’ म्हणा.

२. सर ऐकेनात, तर स्ट्रकॉपी वापरा. फार भिडस्त फंक्शन. समोर जागा आहे का, किती आहे, कध्धी विचारत नाही. कंपायलरच्या वॉर्निंगा सोडून द्या. एरर थोड्याच आहेत त्या?

३. आता जागा मागून घ्यायची, म्हणजे मॅलॉक. स्ट्रलेन शेवटचं शून्य मोजत नाही, म्हणून जाणती माणसं एक बाइट जादा मागतात. तुम्ही मागू नका. एका बाइटने काय होतंय? आणि गंमत म्हणजे बरेचदा खरंच काही होत नाही. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, 3 बाइट खातं. ‘सातारा’चे झाले 18. 64-बिट लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक निदान 24 बाइट तरी पदरात टाकतोच, त्यामुळे शून्याची सोय फुकटात होते. सातारा, नागपूर, सोलापूर, खुशाल चालवून दाखवा. ‘चंद्रपूर’च्या वाटेला मात्र जाऊ नका. 8 चिन्हं, नेमके 24 बाइट. शून्य थेट शेजारच्या ब्लॉकच्या आकाराच्या नोंदीवर जाऊन बसतं. तरी प्रोग्रॅम तिथेच आपटेल असं नाही. आपटला तर पुढे कधीतरी, भलत्याच ओळीवर. बिचारे तुम्ही! त्या ओळीला शिव्या घाला, बरं वाटतं.

४. फ्री करू नका. प्रोग्रॅम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम झाडलोट करते. फारच टापटीप असाल तर पहिल्या पायरीतले पी आणि क्यू दोन्ही फ्री करा. पत्ता एकच, तो दोनदा परत केलात की जीलिबसी बहुधा स्वतःच प्रोग्रॅम बंद पाडतो.

५. मशीनवर मेमरीच्या चुका पकडणारा व्हॅलग्राइंड असेल तर त्याला हात लावू नका. एका बाइटचीसुद्धा चुगली करतो मेला.

६. जागा मागणं, शून्य धरणं, कॉपी करणं, सगळं स्ट्रडप एकटं करतं. युनिक्सवर ते कधीपासून आहे, सी23 मध्ये प्रमाणही झालं. व्हायवात मात्र त्याचं नाव काढू नका. ‘मग ते आत मॅलॉककडे किती बाइट मागतं?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.