साबण लावून झाल्यावर

आमचा गॅस गीझर मे महिन्यात अतिशय गुणी असतो. नळ सोडायचा अवकाश, टक-टक-भप्प! तेव्हा त्याच्याकडून कोणालाच काही नको असतं. डिसेंबरात पाषाणचा पारा दहाच्या खाली उतरला की मात्र नुसतंच टक-टक-टक-टक. पेटलाच, तर साबण लावून होईपर्यंत.

गीझर ड्राय बाल्कनीत आहे. बंद बाथरूममध्ये लावला तर कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो आणि आत गेलेला माणूस बाहेर येईलच असं नाही. म्हणून मीच हट्टाने तो बाहेर लावून घेतला. त्या शहाणपणाचं फळ असं, की भल्या सकाळी पंचा गुंडाळून, अंगभर फेसासकट, मी गीझरच्या भोकातून ज्योत शोधत उभा असतो. समोरच्या बिल्डिंगमधले काका त्याच वेळी गॅलरीत चहा पितात.

"सेल बदला!" ते ओरडले.

दोन जाडे सेल आणले. टक-टक जास्त खणखणीत झाली, एवढंच.

मग तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक आले. त्यांच्या मते दोष सिलिंडरचा. आत प्रोपेन आणि ब्यूटेन असतो, थंडीत ब्यूटेन नीट उडत नाही. मी म्हटलं, "ब्यूटेन उकळतो उणे अर्ध्या अंशाला. पुण्याचा नीचांक १.७, १७ जानेवारी १९३५." हवामान खात्याचं मुख्यालयच १९२८ साली सिमल्याहून आमच्याकडे आलं, चौकाला अजून सिमला ऑफिस म्हणतात, त्या गावात एवढं पाठ असायलाच हवं. "पण गॅस उडताना सिलिंडर स्वतःच गार पडतो, त्याचं काय?" प्राध्यापक म्हणाले. मुद्दा बिनतोड होता. आम्ही दोघांनी सिलिंडरला हात लावून पाहिला.

"कानटोपी देऊ का त्याला?" आईने आतून विचारलं.

आईला गीझर कधीच पटला नाही. तांबट आळीतला तांब्याचा बंब, मधल्या नळीत ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या, आणि एकच नियम: जेवढं कढत काढाल तेवढं गार वरून ओता. "बंबाला सेल लागत नव्हते," ती म्हणाली. धुराने डोळे चुरचुरायचे, हे तिच्या आठवणीत उरलेलं नाही.

'उद्या सकाळी नक्की' म्हणणारा मेकॅनिक चौथ्या उद्याला आला. स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी त्याने विचारलं, "नळ किती सोडता?"

"अगदी बारीक. पाणी कडक यावं म्हणून."

औषध मनानेच बंद केलेल्या पेशंटकडे डॉक्टर बघतात, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मग कव्हर उघडून दाखवलं. पाण्याच्या जोराने आतला रबरी पडदा फुगतो, तो एक पिन ढकलतो, पिनेने बटण दबतं, मग ठिणगी आणि गॅस. जोर कमी पडला की सगळं बंद. म्हणजे थंडी वाढली की मी नळ बारीक करायचो, आणि नळ बारीक केला की गीझर विझायचा. वर त्याने पाण्याच्या तोंडाशी असलेली जाळी काढून तळहातावर झटकली. चमचाभर वाळू! सोसायटीने दिवाळीआधी टाकी साफ केली होती, ती अशी.

"आता पूर्ण सोडा."

टक-भप्प. पाणी आलं, पण कोमट.

"मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीसेक अंशांनी तापवतो हा," तो म्हणाला. "टाकीतलं पंधरावर असेल तर चाळीस मिळणार."

"आणि कडक?"

"मे महिन्यात मिळेल, साहेब."

दुसऱ्या दिवशी अंघोळ निर्विघ्न पार पडली. तरी सवयीने पंचा गुंडाळून बाल्कनीत गेलोच. ज्योत निळीशार होती.

"सेलच होते ना?" समोरून आवाज आला.

थंडीत वाद घालायचं त्राण नव्हतं. मी मान डोलावली.