नीलवर उतरणाऱ्या मेहेरबानांस अनावृत पत्र

मेहेरबान पर्यटकसाहेबांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपण येत्या नाताळच्या सुटीत सहकुटुंब सहपरिवार अंदमानास निघाला असून सहा दिवसांच्या त्या स्वारीतली एक सबंध रात्र नील नावाच्या बेटास बहाल करण्याचे आपण योजिले आहे, अशी खबर कानी आली. सरकारी दप्तरात या बेटाचे नाव 2018 च्या 30 डिसेंबरपासून ‘शहीद द्वीप’ असे लागले आहे, आणि 1857 सालच्या धामधुमीत अलाहाबाद-कानपुराकडे क्रौर्याची शर्थ केलेल्या जेम्स नील या सेनाधिकाऱ्याचे नाव त्या निरागस भूमीने इतकी वर्षे वागविले हे कोणासही भूषणावह नव्हतेच; तथापि जेटीवरचा रिक्षावाला आणि बाजारातली भाजीवाली अद्याप ‘नील’च म्हणतात, व आपला व्यवहार त्यांच्याशीच पडणार असल्यामुळे मीही तेच नाव चालवितो. मी त्या बेटावर तीन दिवसांसाठी गेलो आणि सहा दिवस राहिलो. एवढ्या भांडवलावर उपदेश करण्याचा अधिकार आपल्याकडे कोणासही असतो, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्रथम घड्याळाविषयी. आपले मुंबईचे घड्याळ अवश्य न्यावे आणि त्याबरोबर मुंबईच्या सवयीही न्याव्यात. दुपारी पोटभर जेवून, घटकाभर आडवे होऊन, साडेचारचा चहा पाचला घेऊन, मुलांचे केस विंचरून आपण सूर्यास्त पाहण्यास लक्ष्मणपूरच्या किनाऱ्याकडे प्रस्थान ठेवाल, त्या वेळी तेथून परतणाऱ्या मंडळींचे दिवे आपल्या डोळ्यांवर पडतील. कारण डिसेंबरात तेथे सूर्य पाचच्या सुमारासच मावळतो. नील आणि मुंबई यांच्यामध्ये रेखांशाचे वीस अंश पडलेले आहेत आणि दर अंशामागे चार मिनिटे या दराने तेथला सूर्य आपल्या सूर्याच्या सुमारे ऐंशी मिनिटे पुढे चालतो. घड्याळ दोन्हीकडे एकच ठेवले, ही सरकारची सोय. सूर्याने त्या ठरावावर सही केलेली नाही. ही गैरसोय दूर व्हावी म्हणून आपण हॉटेलच्या व्यवस्थापकाकडे तक्रार गुदरावी. एका सद्गृहस्थांनी माझ्यादेखत ती गुदरली होती, आणि त्या बिचाऱ्याने ‘सॉरी सर’ असे म्हणून सूर्याच्या वतीने माफीही मागितली.

बेटावरील गावांची नावे वाचून मात्र आपणांस घरी आल्यासारखे वाटेल. उत्तरेस भरतपूर, पश्चिमेस लक्ष्मणपूर, पूर्वेस सूर्योदयाचे सीतापूर आणि शिवाय रामनगर. शत्रुघ्नाची येथेही उपेक्षाच झाली आहे. 1960 च्या दशकात पूर्व बंगालमधून उखडलेली निर्वासित कुटुंबे येथे आणून वसविली गेली. त्यांनी रान तोडले, भातखाचरे केली, भाजीपाला लावला, आणि आज पोर्ट ब्लेअरच्या मंडईत नीलची भाजी जाते. तेव्हा आपण घरून कांदे-बटाटे, मेथीचे ठेपले आणि दहा दिवसांचा चिवडा घेऊन जाण्यास काहीच हरकत नाही. शेजारी लाल भोपळा, वांगी आणि पडवळ वेलीवर लटकत असताना खोलीचे दार लावून आतून चिवडा खाण्यात जे स्वावलंबन आहे, त्याचे कौतुक त्या भाजीवालीला आज ना उद्या कळेलच.

आता समुद्राविषयी. तेथले लोक भरतीला ‘ज्वार’ आणि ओहोटीला ‘भाटा’ म्हणतात. ‘अभी ज्वार है, बाद में आना’ असे एका वाटाड्याने सांगितले, तेव्हा आमच्या सोलापूरकर स्नेह्यांना क्षणभर या दूरदेशी भाकरीची व्यवस्था झाल्याचा भास झाला होता. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे. बंगाली वसाहतकारांनी घरच्या आठवणीने तिचे नाव ‘हावडा ब्रिज’ ठेवले. ओहोटी लागली की तेथपर्यंतचा खडकाळ तळ उघडा पडतो आणि खळग्याखळग्यांत साचलेल्या पाण्यात एक सबंध मोहल्ला नांदताना दिसतो: दगडाच्या फटीत पाय मुडपून बसलेला खेकडा, वीतभर लांबीची काळी, लिबलिबीत समुद्रकाकडी, आणि जिवंत आहे की नाही याचा कोणासही थांग लागू न देणारा एक तारामासा. मी त्या खळग्याशी पाऊण तास उकिडवा बसलो. तेवढ्यात तीन सहली आल्या, कमानीखाली उभ्या राहिल्या, छायाचित्रे काढून निघून गेल्या. खळग्यात कोणी पाहिले नाही, आणि खेकड्याचा त्यामुळे फायदाच झाला. ही ओहोटी दररोज पन्नासेक मिनिटे उशिराने येते. आपल्या प्रवास-कंपनीच्या छापील पत्रकात तिची वेळ सकाळी दहाची दिलेली असल्यास आपण दहालाच जावे, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते पत्रक समुद्रास दाखवावे.

प्रवाळावर बूट घालून उभे राहण्याची हौसही भागवून घ्यावी. तो दगड नसून अतिसूक्ष्म जीवांनी पिढ्यानुपिढ्या रचलेली वस्ती आहे, तिची वाढ वर्षाकाठी बहुधा बोटाच्या पेराएवढीही होत नाही, हे ऐकून घेण्याइतकी सवड एका रात्रीच्या मुक्कामात कोणास असणार? किनाऱ्यावर पडलेले शंख, कवड्या, प्रवाळाचे पांढरे तुकडेही खुशाल गोळा करावेत व धाकट्यांच्या दप्तरात भरावेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला आणि त्या ओंगळ समुद्रकाकडीला वाघाच्याच अनुसूचीत बसविले आहे. तेव्हा विमानतळावरील तपासनीस आपले सामान उघडून ‘हे काय?’ असे विचारील, तेव्हा बछडा नव्हे, नुसते नख आहे असे सांगून पाहावे.

पाणी व वीज यांविषयी थोडक्यात लिहितो. बेटावर वीज प्रामुख्याने डिझेलवर निघते, डिझेल जहाजातून येते; गोडे पाणी विहिरींचे आणि आभाळाचे. सबब आपण दिवसातून तीनदा शॉवरखाली उभे राहून वातानुकूलन यंत्र चालू ठेवूनच फिरावयास जावे. इंटरनेटचीही हीच कथा. 2020 च्या ऑगस्टात चेन्नईहून समुद्रतळातून अंदमानपर्यंत केबल आली खरी, तरी नीलवर व्हॉट्सअ‍ॅपचे ते चक्र अधूनमधून गरगरत राहते, आणि त्या अवधीत नाइलाजाने आपल्या पत्नीशी बोलावे लागते, ही पूर्वसूचना देऊन ठेवतो.

या सर्व गैरसोयींचे दुःख विशेष तीव्र होण्याचे कारण मी जाणतो. आदल्या दिवशी आपण सेल्युलर जेल पाहिलेले असते. 1911 पासून 1921 पर्यंत तात्याराव सावरकर जेथे होते त्या, सुमारे साडेतेरा फूट लांब आणि सात फूट रुंद कोठडीपुढे आपले डोळे भरून येतात, कोलूकडे पाहून कंठ दाटतो, ‘माझी जन्मठेप’ पुन्हा वाचण्याचा संकल्प सुटतो. आणि दुसऱ्याच दिवशी नीलवरच्या खोलीत पाय ठेवताच आपण दूरध्वनी उचलून ‘रूम फार लहान आहे हो’ असे सांगता. काळ्या पाण्याची खरी शिक्षा कोणास झाली, याचा निवाडा इतिहासकारांनी करावा.

आता मुख्य बाब, ती जहाजाची. माझ्या तिसऱ्या दिवशी सकाळी मी सामान बांधून अंगणात आलो, तेव्हा घरमालकीण मासिमा विळीवर भोपळा चिरीत बसल्या होत्या. विळीला त्या ‘बोटी’ म्हणतात, त्यामुळे आमच्या संभाषणात बोटींचा थोडा घोटाळा पहिल्यापासूनच होता. ‘बोट किती वाजता?’ असे मी विचारले. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे नाही, नारळाच्या शेंड्यांकडे पाहिले. झावळ्या एका अंगाला पडल्या होत्या. ‘आज जहाज नहीं चलेगा,’ असे म्हणून त्यांनी भोपळ्याची आणखी एक फोड चिरली आणि ती माझ्या वाटणीची म्हणून टोपलीत टाकली. सरकारी फर्मान जेटीवरच्या फळ्यावर लागले ते त्यानंतर दीड तासाने. शेजारच्या हॅवलॉकवर 2016 च्या डिसेंबरात वादळामुळे शेकडो पर्यटक अडकले होते आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदलाच्या जहाजांना यावे लागले होते. आमच्यासाठी कोणी आले नाही, आम्ही फक्त तीन दिवस भोपळा खाल्ला. त्या तीन दिवसांत जेटीच्या खिडकीवर वजनदार ओळखींचा जो बाजार भरला त्याचे वर्णन करण्यास माझी लेखणी असमर्थ आहे. कोणाचा मेहुणा मंत्रालयात होता, कोणाचा वर्गमित्र आरमारात. खिडकीमागचा कारकून सर्वांची नावे अदबीने लिहून घेई आणि समुद्राकडे बोट दाखवी. आपणही मोठ्यातली मोठी ओळख बरोबर घेऊन यावे. वारा पडला की तिचा निश्चित उपयोग होतो.

मजसंबंधी विचाराल तर त्या जादा दिवसांतच मला बेट दिसले, असे कबूल करणे भाग आहे. पहाटे पाचला उठून सीतापुरास जाणे, ओहोटी आज केव्हा लागेल ते मासिमांना विचारून त्याप्रमाणे जेवणाची वेळ ठरविणे, अंधार पडला की निजणे. परंतु असले आळशी वर्तन आपल्यासारख्या कार्यमग्न गृहस्थांस शोभणार नाही, म्हणून एका रात्रीचा आपला मूळ बेत कायम ठेवावा. लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक भोपळेखाऊ

ता. क. परतीचे विमान ज्या दिवशी असेल, त्याच्या निदान एक दिवस आधी नील सोडून पोर्ट ब्लेअरला मुक्कामास या. एवढे एक वाक्य उपरोधाने लिहिलेले नाही.