सल्ला फुकट, वकीलही फुकट

नातेपुत्यात नवरा-बायकोचं बिनसल्याची बातमी आधी एसटी स्टँडवर पोचते, घरात नंतर. मग पुढचा प्रश्न. पोरगं कुणाकडं? आठवडा उलटायच्या आत गावानं निकाल दिलेला असतो. कोर्टात अजून अर्जही गेलेला नसतो.

निकाल देणारे ठरलेले. एक निवृत्त मास्तर, एक माजी सदस्य आणि बांधाची केस वर्षानुवर्षं हरत आलेले एक अनुभवी गृहस्थ. सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते या तिसऱ्यांचं.

त्यांचा पहिला सल्ला, "पोरगं आधी उचलून आणा, कोर्टाचं मागनं बघू." बापाला हा लगेच पटतो. त्याला डोकं लागत नाही, जीप लागते.

वर कायद्याची फोडणीही असते. 2023 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सांगितलं, की कोर्टाची मनाई नसेल तर पोटच्या पोराला नेणाऱ्या बापावर अपहरणाचा गुन्हा लागत नाही. तोही नैसर्गिक पालकच. एवढं वाक्य सगळ्यांना पाठ. पण गुन्हा नाही म्हणजे ताबा मिळाला, असं कोर्ट कुठं म्हणालं? शाळेच्या गेटवरनं रडतं पोर ओढून नेलं, हे उद्या ताब्याच्या अर्जात कुणाच्या खात्यावर पडणार?

जीपवाला तेव्हा फोन उचलत नाही.

दुसरा पाठ, पाच वर्षांपर्यंत आईचं, पुढं बापाचं. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडं, एवढंच आहे. उरलेलं अर्धं वाक्य पारावर छापलं गेलं. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सगळ्यात वर ठेवतं, पण त्या कलमात आपल्या बाजूचं काही सापडत नाही म्हणून ते कुणी वाचत नाही. 2015 साली गोव्यातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तर स्पष्टच केलं, की पाचाखालच्या मुलाची आई सांभाळायला नालायक आहे म्हणता, तर ते सिद्ध बापानं करायचं. "ती नीट नाही" हा पुरावा नव्हे. ते सासूचं मत झालं.

तिसरा पाठ, नऊ वर्षांचं झालं की पोरानंच ठरवायचं. हा नऊचा आकडा कुठून आला? 1890 च्या पालक व पाल्य कायद्यात वय नाही. मूल समजून-उमजून मत देण्याएवढं मोठं असेल तर न्यायालय ते विचारात घेऊ शकतं, असं आहे. विचारात घेणं आणि पाळणं यात फरक असतो. शिवाय नवा मोबाइल देऊन पढवून आणलेलं पोर न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये दोन प्रश्नांतच सांगून टाकतं, "आज्जीनं असं म्हणायला सांगितलंय."

ज्ञानोबांची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला असते तेव्हा गर्दीत चुकलेलं पोर भोंग्यावर नाव पुकारलं की आईच्या कडेवर परत येतं. इथं आई-बाप दोघांचाही पत्ता ठाऊक असतो. पोर मात्र चुकलेलंच.

आता अर्ज कुठं करायचा? बाप चाकणला, सासर बारामतीला, आई पोराला घेऊन माहेरी नातेपुत्यात. पाव्हणे पुण्याच्या वकिलाचं कार्ड काढतात. 1890 च्या कायद्याचं नववं कलम सांगतं, की पोर नेहमी जिथं राहतं तिथलं जिल्हा न्यायालय. बापाची कंपनी कुठं आहे, हे त्यात विचारलेलंच नाही. मग काय, परवा रात्री आणलेलं पोर "पहिल्यापासून इथंच असतं" असं शपथपत्र तयार होतं. नोटरीला काय, शिक्का मारायचा.

या एका मुद्द्यावर अख्खा खटला उलटलेला आहे. टिळकांच्या जोडीनं 1916 साली होमरूल गाजवलेल्या ॲनी बेझंट आठवतात ना? त्याआधी, पुढं तत्त्वचिंतक म्हणून गाजलेले जे. कृष्णमूर्ती आणि त्यांच्या भावाच्या ताब्यासाठी वडिलांनी बाईंवर दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयात बाईंनी स्वतः युक्तिवाद केला. 1913 साली हरल्या. 1914 साली प्रिव्ही कौन्सिलनं तो निकाल फिरवला, कारण मुलं राहत होती इंग्लंडमध्ये आणि दावा चालला होता मद्रासेत. त्याच्याही आधी, 1878 साली, लंडनमध्ये पोटच्या मुलीसाठी बाई स्वतःच कोर्टापुढं उभ्या राहिल्या होत्या. मुलगी नवऱ्याकडं गेली. तसलं इंग्रजी, तसलं वक्तृत्व, आणि ही गत.

आपलं तर माळशिरसच्या कोर्टात "साहेब" म्हणावं की "मिलॉर्ड" इथंच अडतं.

म्हणजे स्वतः लढू नये का? खुशाल लढा. स्वतःची केस स्वतः चालवायला कुठल्याच कोर्टात मनाई नाही. 1984 च्या कायद्यानं आलेल्या कौटुंबिक न्यायालयात तर वकील हक्कानं मिळतच नाही, कोर्टाच्या परवानगीनं मिळतो. फक्त अर्ज मोबाइलला विचारून लिहू नका. तो "जॉइंट कस्टडी" लिहून देतो. विधी आयोगानं 2015 साली आपल्या 257 व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली खरी, पण कायद्याच्या पुस्तकात ती अजून उतरलेली नाही. अर्जात अमेरिकेचा नियम निघाला, की समोरचा वकील निवांत चहा मागवतो.

स्वतः करायचं काम वेगळं आहे आणि त्याला वकिली लागत नाही. शाळेचा बोनाफाईड. लसीकरणाचं कार्ड. दवाखान्याच्या चिठ्ठ्या, फीच्या पावत्या, पालकसभेच्या वहीतल्या सह्या. पोराला रोज शाळेत कोण सोडतं, ताप आला तर रात्री कोण जागतं, हे सांगणारा शेजारी. बापाचा पगार किती, हे बापाला तोंडपाठ असतं. उलटतपासणीत वर्गशिक्षिकेचं नाव विचारलं की तो वकिलाकडं बघतो.

आईची बाजूही धुतल्या तांदळाची नसते. भेटीच्या दिवशीच पोराला ताप येतो. दर महिन्याला. त्याच शनिवारी.

मग बाप पोटगी थांबवतो. पोटगी नाही म्हणून भेट नाही, भेट नाही म्हणून पोटगी नाही. पोर आहे की ट्रॅक्टरचा हप्ता?

आणि ज्या पोराला चार वर्षांत कुणी खाऊ पाठवला नाही, त्याच्यासाठी अचानक चुलते-आज्जे हळवे का होतात? सातबारा काढून बघा. आजोबा गेलेले असतात, वारसनोंदीत पोराचं नाव चढलेलं असतं, पुढं "अ.पा.क.", म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता, म्हणून कुणाचं तरी नाव. पाटाखालचा ऊस आणि रस्त्याकडेचं रान असलं की माया फार दाटते. त्यांच्यासाठी एक वाईट बातमी. अज्ञानाची जमीन कोर्टाच्या परवानगीशिवाय नैसर्गिक पालकालाही विकता येत नाही. 1956 पासून.

हे सांगितलं की निम्मे पाव्हणे पुढच्या तारखेला येत नाहीत.

अंतरिम ताबा मिळाला म्हणून पेढे वाटणारेही पाहिले आहेत. ताब्याचा कुठलाच हुकूम कायमचा नसतो. परिस्थिती बदलली तर तो बदलता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1973 सालीच सांगून ठेवलंय. पेढेवाल्याचं काही बिघडत नाही. तो दोन्हीकडचे पेढे देतो.

आता फुकटाचंच बोलू. पारावरचा फुकट सल्ला सगळे घेतात. सरकारचा फुकट वकील कुणी घेत नाही. का? फुकटचा वकील चांगला कसा असेल, ही शंका! ही शंका पारावरच्या मास्तरांबद्दल कधी येत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला आणि मुलाला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसालाही. बाकीच्या बहुतेक पुरुषांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलं तर. विचारायचं तालुका विधी सेवा समितीकडं, किंवा 15100 वर फोन करायचा. तारीख कधी आहे, हे विचारायलाही कुणाचे पाय धरायला नकोत. केसचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते.

दिसली की ती शाळेच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. पोराला हजर करायला सांगितलं असेल आणि त्याच दिवशी गणिताचा पेपर असेल, तर दोघांपैकी कुणीतरी एकानं तारीख बदलून मागण्याचा अर्ज द्या. पोराच्या हिताचा पहिला कागद म्हणून तोच फाइलला लागू दे.