फुकट आहे की!

सांगलीच्या गणपती पेठेत अप्पांचं हळद-बेदाण्याचं दुकान. नवा गडी ठेवायचा झाला तर अप्पा त्याचं गाव, भावकी, आधी कुणाकडे होता, तिथलं काम का सुटलं, सगळं खोदून विचारतात. आणि एवढं करून पहिले पंधरा दिवस त्याला गल्ल्याजवळ फिरकू देत नाहीत. तेच अप्पा रात्री दुकान बंद केल्यावर लॅपटॉप उघडतात आणि कुठल्या मुलखातल्या कुणी लिहिलेलं प्लगइन बिनचौकशी वेबसाइटवर चढवतात. "फुकट आहे की!" एवढी शिफारस त्यांना पुरते.

अप्पांची साइट ज्यावर उभी आहे ते वर्डप्रेस 2003 साली निघालं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. पुढच्याच वर्षी त्याला प्लगइन जोडायची सोय झाली, 2011 साली वूकॉमर्स आलं आणि त्यावर दुकानं थाटणं सोपं झालं. आज त्याच्या अधिकृत भांडारात फुकटची प्लगइन साठ हजारांच्या आसपास आहेत. हा आकडा भाच्यानं बोलता बोलता सांगितला, आणि माणसाचं आयुष्य फार तोकडं असतं हे अप्पांना त्या दिवशी प्रथम जाणवलं.

अप्पांच्या साइटवर सुरक्षेची तीन प्लगइन आहेत. "रात्रपाळीला एक नको?" साइटचा वेग वाढवणारी दोन आहेत, ती एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि पान उघडेपर्यंत गिऱ्हाइकाचा चहा पिऊन होतो. युरोपातल्या कायद्यापोटी कुकीची परवानगी मागणारी पट्टी आहे, ती तासगावच्या माणसाला आडवी येते. "सवलत संपायला उरले दोन तास" असं बजावणारं घड्याळ कधीच संपत नाही. डिसेंबरात चढवलेला बर्फ एप्रिलच्या उन्हाळ्यातही हळकुंडांवर पडत असतो. सांगलीच्या हळदीला आणि बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ही गोष्ट मात्र साइटवर कुठेच नाही.

"ते लिहावं लागतंय," अप्पा म्हणतात. "त्याचं प्लगइन आहे का बघ."

थीमच्या बाबतीत अप्पांना फार काळ एक चेहरा सोसत नाही. अॅस्ट्रा थीम पुण्याच्या कंपनीची आहे असं कळल्यावर त्यांनी अभिमानानं ती लावली, दहा लाखांहून जास्त साइटींवर ती आहे असं कळल्यावर काढली. "सगळ्यांसारखं काय दिसायचं?" मग आलेल्या थीमबरोबर नमुन्याचा फोटो आला. खिडकीत बसून कॉफी पिणारी कुणी गोरी बाई. पुढे चार थीम बदलल्या, पण ती बाई काही हलली नाही. आता जुनी गिऱ्हाइकं तिला अप्पांच्या सूनबाई समजतात.

एकदा त्यांनी थीमच्या फाइलीत घुसून तळाशीही स्वतःच्या हातानं फोन नंबर लिहिला. थीमचं अपडेट आलं आणि तिथला नंबर पुसला गेला. भाच्यानं समजावलं, "मामा, मूळ थीमला हात लावायचा नाही. तिची चाइल्ड थीम करायची आणि बदल सगळे त्या पोराच्या नावावर करायचे."

अप्पा ताठ झाले. "मी जिवंत आहे तोवर पोराच्या नावावर काही होणार नाही."

दिवाळीच्या तोंडावर अप्पांनी सगळी अपडेट एका दमात दाबली आणि साइटवर "गंभीर त्रुटी" एवढीच ओळ उरली. असं झालं की वर्डप्रेस 2019 पासून मालकाला दुरुस्तीची लिंक मेलनं पाठवतं. ती गेलीही, पण पत्ता होता साइट पहिल्यांदा बनवणाऱ्या पोराचा, आणि ते पोरगं बंगळुरूला नोकरीत रमलेलं. शेवटी भाच्यानं सर्व्हरवरच्या "प्लगिन्स" फोल्डरचं नाव बदललं. वर्डप्रेसला फोल्डर सापडेना, सगळी प्लगइन एकदम बंद पडली आणि साइट डोळ्याचं पातं लवण्याआधी उघडली. ना बर्फ, ना घड्याळ. नुसतं दुकानाचं नाव आणि फोन नंबर. तेवढ्यात इचलकरंजीहून फोन आला. "पाच किलो बेदाणा पाठवा. तुमची साइट आज पहिल्यांदाच उघडली हो!"

भाच्याला वाटलं, मामा आता शहाणे होतील. अप्पांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "बघ, अपडेट केल्यावर लगेच फरक पडला की नाही?"

मग त्यानं एकेक प्लगइन तपासून चालू करायला घेतलं. उरलेली काढून टाकूया म्हणाला. पण अप्पांच्या घरच्या माळ्यावर तीन पिढ्यांचे फुटके हंडे आहेत. टाकणं त्यांच्या रक्तात नाही. "नुसती बंद ठेव. लागतील कधीतरी." बंद प्लगइनचा कोड सर्व्हरवर तसाच पडून राहतो, त्यात भोक असलं तर चोर तिथूनही शिरतो, हे भाच्यानं परोपरीनं सांगितलं. चोराचं नाव काढल्यावर अप्पा नरमले. यादी मोठ्यानं वाचायला लागले. कोपऱ्यात गाण्याची एक ओळ दाखवण्यापलीकडे काहीही न करणारं "हॅलो डॉली" त्यांनी ठेवलं, कारण तेवढीच करमणूक. बर्फ ठेवला, डिसेंबर परत येणारच. अखेर एका नावावर त्यांचं बोट थांबलं.

"हे काढ. वर्षभर बघतोय, काही म्हणजे काही करत नाही. नुसतं बसून असतंय."

ते बॅकअपचं होतं.