बेंच न सोडण्याच्या नियमास अनावृत पत्र

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगच्या नियमपुस्तकातील परमपूज्य कलम महाराज यांस,

शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

कोर्टावर हाणामारी जुंपली की बेंचवरच्या खेळाडूने जागचे हलायचे नाही. हलला की किमान एका सामन्याला मुकला, हा आपला खाक्या. तो का उठला, किती पावले गेला, कोणाला हात लावला का, असल्या क्षुद्र चौकशांत आपण पडत नाही. चित्रगुप्तालाही पाप-पुण्याची दोन खाती ठेवावी लागतात. आपले एकात भागते.

१४ मे २००७ ची सॅन अँटोनियोतली रात्र आठवते ना? प्लेऑफ मालिकेतला चौथा सामना, शेवटची काही सेकंदे, फिनिक्स सन्स जिंकत आलेले. यजमान स्पर्सच्या रॉबर्ट होरीने सन्सच्या स्टीव्ह नॅशला असा धक्का दिला की तो थेट स्कोअररच्या टेबलावर जाऊन आदळला. आपला गडी पडला म्हणून सन्सच्या बेंचवरचे अमारे स्टॉडमायर आणि बोरिस डियाव चार पावले पुढे आले. सहायक प्रशिक्षकांनी त्यांना मागे ओढले. दोघांनी कोणाला बोटही लावले नव्हते. आपण न्याय केलात: ढकलणारा होरी दोन सामने बाहेर, हे दोघे एकेक. मालिका २-२ अशी बरोबरीत होती. पाचवा सामना फिनिक्सने ८८-८५ असा गमावला, पाठोपाठ मालिका. विजेतेपद स्पर्सनी नेले. एका धक्क्याचा असा परतावा शेअर बाजारातही मिळत नाही!

आता एक शंका, राग नसावा. त्याच सामन्यात आधी एकदा खेळाडूंची झोंबाझोंबी झाली, तेव्हा स्पर्सचे टिम डंकन आणि ब्रूस बोवेनही बेंच सोडून कोर्टावर आले होते. त्यांना काहीच झाले नाही, कारण ती मुळी हाणामारीच नव्हती, असे लीगने ठरवले. कबूल. पण मग हे ठरवले कशाने? फूटपट्टीने तर नव्हे. म्हणजे तारतम्य आपल्या दरबारातही आहे, फक्त मागच्या दाराने येते.

तारतम्य धोक्याचे असते, हे मान्य. महिनाभर आधीच पंच जोई क्रॉफर्ड यांनी याच डंकनला बेंचवर बसून हसल्याबद्दल बाहेर काढले होते. पण क्रॉफर्ड यांना आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी उरलेल्या हंगामासाठी घरी बसवले. माणूस चुकला, त्याला जाब विचारता आला. १९९७ मध्ये बेंच सोडला म्हणून आपण न्यूयॉर्कच्या पॅट्रिक ईविंगला बाहेर बसवलेत, ३-१ ने पुढे असलेला त्याचा संघ मालिका हरला, दहा वर्षांनी फिनिक्सची तीच गत केलीत. आपल्याला कोणी विचारले?

फिबा या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत तर पंचांनी नियमाचा हेतू बघावा, व्यवहारज्ञान वापरावे, असे छापूनच टाकले आहे. भलताच फाजील विश्वास!

विनंती एवढीच, की पुढच्या खेपेस पावले मोजण्याआधी गडी कोणाला मारायला निघाला होता की पडलेल्याला उठवायला, हे एकदा विचारा. शिक्षा त्यानंतरही देता येते.

आपला आज्ञाधारक,
एक बसून राहिलेला प्रेक्षक