मधाला कल्ले नसतात

आमच्या थोरल्या आत्याला मासळीत फसवणारा अजून जन्माला यायचाय. पापलेट दहा हातांवरून बघून ती सांगते, कालचं की परवाचं. जवळ गेली की कल्ला उचलून आत डोकावते, पोटाला अंगठा लावते आणि विकणारीकडे असं बघते की ती बिचारी आपणहून भाव उतरवते. अशा या बाईला गेल्या मार्चमध्ये, वसईच्या पाचूबंदरला आमच्याच दारात, एका माणसाने दोन किलो साखरेचा पाक ‘जंगलचा मध’ म्हणून विकला.

त्याच्या डोक्यावर पातेलं, पातेल्यात तरंगणारा पोळ्याचा तुकडा आणि त्यावर तीन मधमाश्या. माश्या खऱ्या होत्या, पोळंही खरं होतं. दोघांना साक्षीला बसवून पाक विकणं चाललं होतं. आत्याने सवयीने वाकून पाहिलं. पण तिथे ना कल्ला, ना डोळा, ना पोट. चाळीस वर्षांची विद्या पातेल्याच्या काठाशी येऊन थांबली.

“असली हाय ना रं?”

तो याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याने काडेपेटी काढली, काडीचा गुल मधात बुडवून घासला. काडी पेटली. ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाला गेला. कागदावर ठेवला, पसरला नाही. शेवटी गल्लीतल्या कुत्र्याला बोलावण्यात आलं, कारण खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही म्हणतात. कुत्र्याने वास घेतला आणि तो चालता झाला. बोंबलाच्या मुंडक्यांवर वाढलेलं पाचूबंदरचं कुत्रं ते, पुरणपोळी ठेवली असती तरी असंच गेलं असतं. पण आत्याने त्याचा निकाल शिरोधार्य मानला आणि कनवटीचे पैसे मोजले.

या परीक्षांना काही अर्थ नाही. दाट पाकही पाण्यात बुडतो, दाट पाकही कागदावर थबकतो. 2020 साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने बाजारातले 13 ब्रँड तपासले आणि नमुने थेट जर्मनीतल्या प्रयोगशाळेपर्यंत पाठवले, तेव्हा त्यातले 10 नापास निघाल्याचं जाहीर केलं. कंपन्यांनी अर्थातच ते मानलं नाही. जे कळायला जर्मनी गाठावी लागते, ते आमच्या कुत्र्याला कुठून कळणार?

तसा मध आम्हाला अगदीच परका नव्हता. लहानपणी वसईच्या किल्ल्यात एका कमानीला आग्या मोहोळ लागलं होतं. ‘आग्या’ हे नाव का पडलं, हे आम्ही दगड मारून तपासलं. 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी हा किल्ला सोडला. पण ज्या वेगाने आम्ही सोडला, त्या वेगाने त्यांनी नक्कीच सोडला नसेल. संध्याकाळी माझा वरचा ओठ सुरमईच्या तुकडीएवढा झाला होता. मध एक थेंबही मिळाला नाही.

पुढे पन्नाशीला पोट आलं, तेव्हा कोणीतरी सांगितलं की सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून दोन चमचे मध घे, चरबी वितळते. मी आत्याच्या बरणीतून काही आठवडे घेतला. चहातली साखर बंद केली आणि त्याच चहात मध घालू लागलो, कारण मध नैसर्गिक. वजन दोन किलोंनी वाढलं. डॉक्टरांनी आहार विचारला, मी अभिमानाने सांगितला. ते म्हणाले, “अहो, मधाचे शंभरातले ऐंशी भाग साखरच असते. एका चमच्यात वीसेक कॅलरी. चमच्याला चमचा लावला तर साखरेहून तोच जड. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा मध साखरेतच मोजते.” माझा तर मधही नव्हता, त्यामुळे मला त्या उरलेल्या वीस भागांचाही दिलासा नव्हता. शिवाय ज्या आयुर्वेदाचं नाव घेऊन हे कोमट पाणी प्यायचं, त्याच आयुर्वेदात चरकाने मध उष्णतेपासून दूर ठेवायला बजावलंय. चरकाला कोणी विचारत नाही. त्याचं फक्त नाव बरणीवर लागतं.

मग मी हट्टाने खरा मध आणला. आमच्याच जिल्ह्यातलं घोलवड चिकूसाठी प्रसिद्ध; तिथे आता मधपेट्याही आहेत. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ झालं, आणि त्या योजनेत पुढे घोलवडचंही नाव लागलं. बोर्डीला लग्नाला गेलो होतो, येताना बाटली घेऊन आलो आणि फ्रीजमध्ये कोलंबीच्या डब्याशेजारी ठेवली. पंधरा दिवसांत मध खाली रवाळ होऊन थिजला. आत्याने बाटली उलटी केली, मध हलला नाही.

“साखर घातलीय,” तिने निकाल दिला. “माजा बग, मार्चपासून पाण्यासारखा.”

खऱ्या मधातलं ग्लुकोज गारव्यात दाणे धरतं, तो मध बिघडत नाही, कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा पातळ होतो, हे सगळं मी सांगेपर्यंत तिने घोलवडचा मध शेजारच्या पोरांना पोळीला लावायला देऊन टाकला होता. पाक मात्र देव्हाऱ्याशेजारी मानाने उभा राहिला.

तिला समजावायची वाट मला बोंबलांनी दाखवली. आत्या वलांडीवर बोंबील वाळत लावत होती. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून बांबूवर जोड्या टाकत होती. ओला बोंबील म्हणजे जवळपास सगळं पाणीच. ते वाऱ्याने गेलं की वर्षभर टिकतो, ओल राहिली की बुरशी. मी म्हटलं, “आत्या, माश्या हेच करतात. फुलातून आणतात तो रस ओल्या बोंबलासारखा पाणचट. पोळ्यात भरून त्यावर पंख हलवत बसतात. शंभरात वीसपेक्षा कमी पाणी उरलं की वर मेणाचं झाकण घालतात. म्हणून मध नासत नाही. आणि झाकण उघडं ठेवलंस तर पावसाळ्यात सुकटीसारखा तोही ओल खेचतो, मग आंबतो.”

तिचा हात बांबूवर थांबला. “पंखांनी वारा घालतात?”

“सगळ्या मिळून. आणि एवढं करून एक माशी जन्मभरात चमच्याचा बारावा हिस्सा मध करते.”

आत्याने मनात हिशोब केला. ती मासळीचा हिशोब करते तेवढ्याच झटकन. “म्हंजे तू रोज सकाली चोवीस जणींची जिंदगी पित व्हतास,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, “आमच्यातल्याच की.” त्या दिवसापासून तिने माशीला ‘माशी’ म्हणणं सोडलं. ‘त्या बाया’ म्हणते.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा दर्यावर गेल्या आणि घरात खोकला आला. मधाचा एक गुण डॉक्टरही मान्य करतात तो इथे: साध्या खोकल्यात चमचाभर मधाने घसा निवतो, रात्री झोप लागते. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने 2018 मध्ये खोकल्यासाठी अँटिबायोटिक्सच्या आधी तो सुचवला. मी दुसरी बाटली मागवली. आत्याने ती आधी तिरकी करून पाहिली, बोटावर थेंब घेऊन चोळला, वास घेतला. यातून काही कळत नाही, पण ती आता पाण्याचा अंश शोधत होती, आणि ते शोधताना तिचा चेहरा बोंबील तपासतानाचा होता. पुतणसुनेच्या चार महिन्यांच्या बाळाला बोट चाटवायला निघाली, तेव्हा मात्र मी आडवा आलो. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातल्या जंतूंच्या बीजांनी तान्ह्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. “तुला तर पाचव्या दिवशी चाटवलाय,” ती म्हणाली. मी कसा निघालो हे तिला दिसतंच आहे, म्हटल्यावर ती गप्प बसली.

दिवाळीनंतर पातेलेवाला पुन्हा आला. तेच पोळं, नवीन तीन बाया. आत्याने त्याला बसवलं, पाणी दिलं, पातेल्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याची नजर वलांडीवर गेली. घरी न्यायला बोंबील हवे होते. दोनच उन्हं खाल्लेले, आत ओल असलेले बोंबील आत्याने तत्परतेने काढून दिले, पूर्ण सुक्याच्या भावाने. त्याने एक हातात घेतला, उलटासुलटा केला, वाकवला. त्याला काहीच कळलं नाही.

“मावशी, असली सुके आहेत ना?”

आत्याने कनवटीची काडेपेटी त्याच्यापुढे धरली.

“काडी लावून बग.”