जमिनीपासून चार बोटं

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला बसलेल्या मंडळींत कुणी म्हणालं, ‘मी चोर होतो,’ तर कुणाच्याही कपाळाला आठी पडत नाही. जादूगार चालतो, रानावनात हिंडणारा तिरंदाज चालतो, दाढीवाला बुटका योद्धा तर हवाच असतो. पण ‘मी पॅलाडिन घेतो,’ असं कुणी म्हणालं की टेबलावर जरा चुळबुळ होते. गोव्याला निघालेल्या मित्रांच्या गाडीत ऐनवेळी कुणीतरी आपल्या माळकरी काकांना आणून बसवावं, तशी. काका अत्यंत चांगले असतात. अडचण तीच असते.

पॅलाडिन म्हणजे देवाच्या कामाला लागलेला योद्धा. अंगात चिलखत, हातात तलवार आणि वागण्यात नेम. तो खोटं बोलत नाही, शरण आलेल्याला मारत नाही, विष वापरत नाही. बदल्यात देव त्याला काही देणग्या देतो. नुसता हात ठेवून तो जखमा भरतो, त्याला रोग होत नाहीत, आणि लक्ष एकवटलं तर साठ फुटांच्या आतला दुष्टपणा त्याला जाणवतो. ही शेवटची देणगी खानावळीत उतरल्यावर फार त्रासाची ठरते. आपण जेवायला बसावं आणि साठ फुटांत काय काय आहे ते कळू नये, यातच जेवणाची खरी गोडी आहे.

खेळ अमेरिकेतला, १९७४ सालचा, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी रचलेला. एकजण, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट रचतो. बाकीचे त्या गोष्टीत शिरून ‘मी असं करतो’ म्हणतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पुढच्याच वर्षी ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत पॅलाडिन आला आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये त्याची कलमं वाढली. गायगॅक्स आधी विमा कंपनीत अंडररायटर होते. हे कळल्यापासून ती कलमं मला जास्त नीट समजायला लागली. धर्मयोद्ध्याचं वर्णन नव्हे, पॉलिसीच्या अटी वाचतोय असंच वाटतं. आमच्या डंजन मास्टरकडे नंतरच्या आवृत्त्याही आहेत, पण तो खेळवतो ते १९७८च्या पुस्तकावरून. त्याच्या मते त्यानंतर सगळं फार सोपं झालं. त्याचं हे मत इतर बाबतींतही आहे.

त्या पुस्तकात पहिला अडसर पॅलाडिन होण्याचाच. पात्राचे गुण फासे टाकून ठरतात आणि पॅलाडिनला ‘करिझ्मा’, म्हणजे माणसं ओढून घेणारं तेज, किमान १७ लागतं. तीन फासे एकदम टाकले तर २१६ शक्यता, त्यांतल्या १७ किंवा १८ बेरजेच्या फक्त चार. चोपन्नात एक. आमचा मास्टर तीनच फासे देतो, तेही सगळ्यांच्या देखत. मला १७ पडले तेव्हा आमच्यातल्या चोराने तिन्ही फासे उचलून दिव्याखाली धरून पाहिले.

आता गंमत पाहा. तेज १७ हवं, शहाणपण किमान १३ हवं, आणि बुद्धी? ती ९ असली तरी पुरते. तीन फाशांची सरासरी साडेदहा येते, म्हणजे धर्मयोद्ध्याची बुद्धी चारचौघांपेक्षा थोडी कमी असली तरी पुस्तकाची हरकत नाही. हे कलम लिहिणाऱ्याने जग पाहिलेलं होतं.

मग पैशाची कलमं. मिळकतीचा दहावा हिस्सा धर्मादाय संस्थेला तत्काळ द्यायचा, आणि ती संस्था म्हणजे खेळातलाच कुणी पुजारी मित्र असता कामा नये. ही पळवाट कुणीतरी शोधणार, हे विमावाल्याला बरोबर ठाऊक! जादूच्या वस्तू जास्तीत जास्त दहा. संपत्ती साठवायची नाही. साधेपणाने राहायला, पदरच्या माणसांचे पगार द्यायला आणि एक छोटासा किल्ला बांधायला लागेल तेवढीच ठेवायची. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. अपरिग्रहाची व्याख्या करताना त्यात किल्ला बसवणारं दुसरं शास्त्र मला माहीत नाही. अनुभवाच्या चौथ्या पायरीला एक हुशार, दणकट युद्धाश्व मिळतो, पण दहा वर्षांत एकच. घोडा मेला तर मुदत संपेपर्यंत पायी चाला.

आणि सोबतीचं कलम. पॅलाडिनने सज्जनांच्याच संगतीत राहावं. जे धड सज्जन नाहीत आणि दुष्टही नाहीत, त्यांच्याबरोबर एखाद्या सत्कार्यासाठी, एका मोहिमेपुरतं जायला हरकत नाही. आमच्या टोळीत एक चोर, एक तत्त्वांचा गुंता नको म्हणणारी जादूगारीण आणि एक भाडोत्री कुऱ्हाडवाला आहे. म्हणून आमची प्रत्येक मोहीम ‘एवढी एकच’ असते. तळघरातून बाहेर पडल्यावर मी रीतसर सगळ्यांचा निरोप घेतो, खानावळीत जेवण होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या सत्कार्यासाठी योगायोगाने तेच तिघे भेटतात.

या लोकांना माझ्यापासून काय त्रास होतो, हे मला समजतं. पहारेकऱ्याला ‘आम्ही धान्याचे व्यापारी’ असं सांगून त्यांना पुढे सरकायचं असतं. तो पहारेकरी सगळ्यांना सोडून नेमकं माझ्याकडे बघतो. करिझ्मा १७ असल्यावर तो दुसरीकडे बघणार तरी कसा? आणि मी गप्प राहतो. नियमाप्रमाणे गप्प राहणं खोटं बोलण्यात येत नाही, असं मी मास्टरशी भांडून मिळवलेलं आहे. पण माझी शांतता इतकी प्रामाणिक दिसते की पहारेकरी गाडी उघडायला सांगतो.

म्हणून टोळीने एक उपाय शोधला, जो जगभरच्या टोळ्यांनी आपापला शोधलेला असतो. एखादा गॉब्लिन, म्हणजे खुजा राक्षस, जिवंत हाती लागला आणि त्याच्याकडून गुप्त वाट काढून घ्यायची असली, की चोर अत्यंत मायेने म्हणतो, ‘देवमाणसा, जरा घोड्यांकडे बघून येतोस का? मघाशी खिंकाळल्यासारखे वाटले.’ मी उठतो. घोडे ठीक असतात. त्यांना पाणी दाखवतो, खरारा करतो, नाल तपासतो. परत येईपर्यंत गॉब्लिनला वाट आठवलेली असते. आमच्या घोड्यांइतके नीट निगा राखलेले घोडे दुसऱ्या कुठल्या टोळीत नसतील.

हे ढोंग आहे हे मला ठाऊक आहे, त्यांनाही ठाऊक आहे, आणि टेबलापलीकडून डोळे बारीक करून बघणाऱ्या मास्टरला तर पक्कं ठाऊक आहे. पण एक लक्षात घ्या. माझ्यासमोर गैर घडलं आणि मी ते चालू दिलं, तर देणग्या माझ्या जातील. मग उद्या कुऱ्हाडवाल्याच्या फाटलेल्या पोटावर हात कोण ठेवणार? माझं पुण्य ही टोळीची सामायिक मालमत्ता आहे, आणि ती शाबूत राहावी म्हणून बाकीचे मला पाठवून देऊन पाप करतात.

या पॅलाडिनची मुळं फ्रँक राजा शार्लमेनच्या बारा सरदारांच्या गाण्यांत आहेत. त्यांतला नामांकित रोलाँ. ७७८ साली स्पेनहून परतताना पिरेनीज पर्वतातल्या खिंडीत सैन्याच्या पिछाडीवर हल्ला झाला आणि तो मेला. हल्लेखोर बास्क होते. पुढे तीनेकशे वर्षांनी गाणं झालं तेव्हा तिथे अरबांची प्रचंड फौज उभी राहिली. त्या गाण्यात मित्र ऑलिव्हिए त्याला पुन्हा पुन्हा विनवतो की शिंग फुंक, राजा मागे वळेल. रोलाँ नाही म्हणतो. मदत मागणं त्याच्या इभ्रतीत बसत नाही. अखेर तो शिंग फुंकतो, तेव्हा वाचवण्याची वेळ गेलेली असते. बुद्धी ९ पुरते, हे कलम कुठून आलं असावं याचा मला इथे संशय येतो. गायगॅक्सच्या हाताशी मात्र आणखी एक पुस्तक होतं, पॉल अँडरसनची ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ ही कादंबरी. दुसऱ्या महायुद्धातला एक डेन्मार्कचा इंजिनिअर त्या शार्लमेनच्या दंतकथेत जाऊन पडतो. तो बिचारा तुमच्याआमच्यासारखा गोंधळलेला असतो, म्हणून मला तो रोलाँपेक्षा जवळचा वाटतो.

पॅलाडिनच्या पतनाचं कलम मात्र वाचताना मला फ्रान्स आठवत नाही, कुरुक्षेत्र आठवतं. जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की सगळ्या देणग्या गेल्या, कायमच्या. उरतो तो साधा शिपाई. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा गेल्याचं अर्धसत्य त्याच्या तोंडून निघालं आणि रथ मातीला टेकला. ते अर्धसत्य कृष्णाला हवं होतं, भीमाने त्यासाठी त्या नावाचा हत्ती मारला होता, फायदा सगळ्या पांडवांचा झाला. खाली आला तो एकाचाच रथ. बाकीच्यांचे आधीपासून जमिनीवरच होते, त्यामुळे त्यांना धक्का जाणवला नाही. त्या दिवशी त्याला कुणीतरी घोड्यांकडे बघायला पाठवायला हवं होतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पॅलाडिनला खाली पाडायची खुमखुमी प्रत्येक डंजन मास्टरला कधी ना कधी येते. त्याचा जुना, घासून गुळगुळीत झालेला सापळा म्हणजे ऑर्क या राक्षसांची पोरं. तुम्ही गुहा जिंकता, मोठे ऑर्क मारता, आणि कोपऱ्यात पोरं दिसतात. ऑर्क दुष्ट असतात असं पुस्तक सांगतं. आता बोला! मारलीत तर तुम्ही कसले सज्जन, सोडलीत तर उद्या ती गावं जाळणार. या प्रश्नावर खेळाडू वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येत आले आहेत. आमच्याकडे तो चर्चेने सुटला नाही, खर्चाने सुटला. माझा दशांश ज्या मठाला जायचा, त्या मठात मी ती पोरं नेऊन ठेवली. मास्टरने पुढच्या बैठकीत सांगितलं की पोरांनी मठाच्या कोबीच्या वाफ्यात शेकोटी केली. मठाधिपतींची भरपाईची यादी अजून येते आहे.

असल्या सापळ्यांमुळेच पुढे नियम सैल होत गेले, हे मान्य करायला हवं. आधी पॅलाडिन फक्त माणूसच होऊ शकायचा. २०००च्या आवृत्तीने ती अट काढली. २००८मध्ये सज्जन असण्याचीही सक्ती गेली. २०१४पासून तर आपापली शपथ निवडायची सोय आहे, आणि तीत एक शपथ चक्क सूडाची आहे. २०२३च्या ‘बाल्डर्स गेट ३’ या, ह्याच खेळावर बेतलेल्या कॉम्प्युटर गेममध्ये शपथ मोडली की तळावर एक काळवंडलेला सरदार येतो, आणि त्याला हजार सोन्याची नाणी दिली की शपथ परत मिळते. मी ती दिली. पावती नाही, काही नाही. देवाला परत मिळवायला फार तर एका चांगल्या चिलखताइतका खर्च आला. त्यापेक्षा ती जुनी, कायमची जाणारी देणगी मला जास्त आवडते. ती होती म्हणून तर चोराला घोड्यांची काळजी वाटायची.

परवा आमच्या टोळीने एका जुन्या थडग्यातून भरपूर ऐवज काढला, आणि तो उतारभर कोणी वाहायचा यावर वाद सुरू झाला. जादूगारीण म्हणाली, माझ्याकडे द्या. सगळे हसले. कुऱ्हाडवाला म्हणाला, माझ्याकडे द्या. त्याच्या जुगाराची सगळ्यांना कल्पना होती. मग चोर उठला आणि थैली माझ्यापुढे ठेवली. ‘याच्याकडे राहू दे. मी कितीही प्रयत्न केला तरी हा मला देणार नाही.’

मी नाणी मोजायला घेतली.

‘फक्त वाटण्या होईपर्यंत,’ तो म्हणाला, ‘आणि हे बघ, तो तुझा दशांश तुझ्या वाट्यातून. त्या कोबीचे पैसे आम्ही देणार नाही.’